मुकुटबनात बसून ड्रायव्हर लिहिताना

वणी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं मुकुटबन हे झरी-जामणी तालुक्यातलं गाव कापसाचं, कोळशाचं आणि आता सिमेंटचंही आहे. या तिन्ही धंद्यांना लागणारी एक वस्तू म्हणजे वजनकाटा. काट्याच्या खोलीत गेलात तर इंडिकेटर दिसेल, त्यातून निघालेली सिरियल केबल दिसेल आणि तिच्या टोकाला कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचा जुना सॉकेट बहुधा नसतोच, म्हणून मध्ये यूएसबीचा छोटा कन्व्हर्टर लावलेला असतो. या भागातला सी भाषा येणारा एखादा विद्यार्थी लिनक्सकडे वळला, की ‘आपण या काट्यासाठी ड्रायव्हर लिहू’ हा विचार त्याच्या मनात हमखास येतो. विचार चांगला आहे. पण सुरुवात करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: इथे ड्रायव्हर खरोखर लागतो का?

काट्याच्या बाबतीत नाही लागत. इंडिकेटर साधी अक्षरं पाठवतो, आणि ती अक्षरं कॉम्प्युटरपर्यंत आणणाऱ्या कन्व्हर्टरचे ड्रायव्हर केव्हाच लिहून झालेत. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा सीएच३४० ही चिप असते. लिनक्समध्ये तिला सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर सांभाळतो, नेटबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये यूसीएचकॉम. तुम्हाला लिहायचा आहे तो पोर्ट उघडून आकडे वाचणारा साधा प्रोग्रॅम. तो चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलमधलं चुकलं तर अख्खं यंत्र बसतं, आणि बाहेर ट्रकांची रांग लागलेली असते. जे काम कर्नेलबाहेर होतं ते बाहेरच करावं, हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा जुना नियम मी कुणालाही सगळ्यात आधी सांगतो.

मग ड्रायव्हर शिकायचा कशावर? मी घड्याळ सुचवेन. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या बोर्डांवर घड्याळाची चिप नाही. लाइट गेली, परत आली आणि इंटरनेट नसेल, तर बोर्डाला आजची तारीख कळत नाही. शेतातलं तापमान नोंदवायला ठेवलेल्या बोर्डाचं असं झालं तर नोंदी फुकट जातात. यावर उपाय म्हणजे डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, सोबत बटन सेल. छोट्या निळ्या पट्टीवर बसवलेली ही चिप कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळते. ती आय२सी या दोन तारांच्या बसवरून बोलते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन इतकी, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. चाळीसच्या वर गेलं की हमी थोडी सैल होते, साडेतीनपर्यंत, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या मे महिन्यात ते लक्षात ठेवायला हवं.

जोडणीची दोन पथ्यं आधीच सांगतो. पट्टीला ५ व्होल्ट न देता ३.३ व्होल्ट द्या, कारण पट्टीवरचे पुल-अप रेझिस्टर दोन्ही तारांना त्याच व्होल्टेजवर ओढतात आणि पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. दुसरं, या पट्ट्यांवर बऱ्याचदा सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. ५ व्होल्टवर साधा सीआर२०३२ बसवून ठेवला तर तो फुगू शकतो.

या चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आणि नेटबीएसडीमध्ये आधीपासून आहेत. तरी स्वतःचा लिहा. उत्तर पुस्तकात आहे म्हणून गणित सोडवायचं नाही असं थोडंच असतं? आधी लिहा, मग जुन्याजाणत्यांचा कोड उघडून ताडून पाहा. एवढ्या शिकवणीला लाखाची फी भरूनही दुसरीकडे काही जास्त मिळणार नाही.

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हरमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची माहिती असते. एक, चिप कशी वागते: कोणत्या रजिस्टरमध्ये सेकंद, कोणत्या बिटात दोष. दुसरी, त्या चिपपर्यंत पोचायचं कसं: कोणती बस, कोणता पत्ता, कोणतं यंत्र. चिप सगळीकडे तीच असते, पोचायची वाट मात्र यंत्रागणिक बदलते. जो ड्रायव्हर या दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनमध्ये कालवतो तो एका बोर्डापुरता उरतो. जो त्या वेगळ्या ठेवतो तो तुम्ही कधी न पाहिलेल्या यंत्रावरही चालतो.

नेटबीएसडीने ही शिस्त फार लवकर अंगी बाणवली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचं ध्येयच मुळी शक्य तितक्या यंत्रांवर चालणं. त्याचा सोर्स उघडलात तर डेव्ह या फोल्डरखाली आयसी नावाचा एक फोल्डर आहे, त्यात चिपांचे गाभे. शेजारी आयएसए, पीसीआय, पीसीएमसीआयए असे बसचे फोल्डर. एनई२००० या जुन्या नेटवर्क कार्डाचा गाभा आयसीमध्ये एकदाच लिहिलाय आणि प्रत्येक बससाठी फक्त जोडणीची छोटी फाइल. रजिस्टर वाचायचं तर पत्त्यावर थेट पॉइंटर न लावता बस_स्पेस या नावाच्या फंक्शनांमार्फत वाचायचं. खाली यंत्र पोर्ट वापरतं की मेमरी, हे गाभ्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. लिनक्समध्ये हेच काम आय२सी, एसपीआय आणि मेमरीवरच्या चिपांसाठी रेगमॅप करतो. तुम्ही ‘अमुक रजिस्टर वाच’ एवढंच म्हणायचं.

सिरियल पोर्टची १६५५० ही चिप याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. जुन्या पीसीवर तिची आठ रजिस्टरं एकापुढे एक, एकेका बाइटच्या अंतरावर. आजच्या अनेक एआरएम आणि रिस्क-व्ही चिपांमध्ये तोच गाभा आहे, पण रजिस्टरं चार-चार बाइटांच्या अंतरावर, आणि काही ठिकाणी एकदम ३२ बिटच वाचावे लागतात. ज्यांनी ‘बेस अधिक तीन’ असं कोडमध्ये जागोजागी लिहिलं त्यांना सगळं नव्याने लिहावं लागलं असतं. लिनक्सने रजिस्टरांमधलं अंतर रेग-शिफ्ट नावाच्या गुणधर्मात टाकलं. हा गुणधर्म डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नेलला दिलेल्या बोर्डाच्या वर्णनात लिहायचा, आणि तोच ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो.

मराठी माणसाच्या हातून घडलेल्या एका कामातही हाच धडा आहे. लिनक्स कर्नेलचा डीबगर केजीडीबी याच्याशी पुण्यातल्या अमित काळे यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. हा डीबगर कित्येक वर्षं मूळ कर्नेलबाहेर पॅच म्हणून सांभाळला गेला आणि २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत आत आला. आज त्याची रचना पाहा: सगळ्या प्रोसेसरांना लागणारा गाभा एका ठिकाणी आणि प्रत्येक प्रोसेसरचा स्वतंत्र तुकडा त्या-त्या फोल्डरमध्ये. ड्रायव्हर लिहायला बसण्यापूर्वी एक दुपार ही रचना वाचण्यात घालवा.

आपल्या घड्याळाकडे येऊ. डीएस३२३१चा पत्ता हेक्स ६८. काही डेटाशीटमध्ये हाच पत्ता वाचण्या-लिहिण्याचा बिट धरून हेक्स डी० असा दिसेल. लिनक्स आणि नेटबीएसडी दोन्ही सात बिटांचा पत्ता मागतात, म्हणजे ६८. पण ६८ वर कुणी उत्तर दिलं म्हणजे ते आपलंच घड्याळ, असं समजू नका. जुनी डीएस१३०७ त्याच पत्त्यावर बसते आणि एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सरही. डीएस३२३१मध्ये ‘मी कोण’ सांगणारं रजिस्टर नाही. म्हणून ओळख पत्त्यावरून ठरवायची नाही, बोर्डाच्या वर्णनावरून ठरवायची. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘मॅक्सिम,डीएस३२३१’ लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हर आपल्या यादीत ते नाव शोधतो. त्या यादीत प्रत्येक नावापुढे त्या चिपचे बारकावे लिहिता येतात. लिनक्सचा आरटीसी-डीएस१३०७ हा एकच ड्रायव्हर असाच डझनावारी चिपा सांभाळतो, नेटबीएसडीचा डीएसआरटीसी हाही त्याच घराण्यातल्या अनेक.

वेळ वाचताना सातही रजिस्टरं एकाच व्यवहारात वाचा. वेगवेगळी वाचलीत आणि मध्येच ५९ सेकंदांचे शून्य झाले तर मिनिट जुनं आणि सेकंद नवे असं होतं. एकत्र वाचली की चिप स्वतः तो क्षण धरून ठेवते. आकडे बीसीडीत असतात, म्हणजे ५९ सेकंद हेक्स ५९ असे दिसतात. तासाच्या रजिस्टरचा एक बिट बारा की चोवीस तास ते ठरवतो, महिन्याच्या रजिस्टरचा सगळ्यात वरचा बिट शतकाचा. हे बिट न झाकता आकडा उचललात तर आज ना उद्या महिना चुकणारच. आणि स्टेटस रजिस्टरातला वरचा बिट आवर्जून तपासा: सेल उतरून घड्याळ मध्ये थांबलं होतं का, ते तोच सांगतो. तो लागलेला असेल तर चुकीची वेळ खरी म्हणून देऊ नका, त्रुटी परत करा. चुकीच्या तारखेपेक्षा ‘तारीख माहीत नाही’ हे उत्तर कितीतरी बरं.

याच चिपमध्ये तापमानही मिळतं, आणि पोर्टेबल म्हणजे नेमकं काय ते या दोन बाइटांत उत्तम दिसतं. हेक्स ११ या रजिस्टरमध्ये पूर्ण अंश, चिन्हासह. हेक्स १२ च्या वरच्या दोन बिटांत पाव अंश. समजा पहिल्यात हेक्स २डी आणि दुसऱ्यात हेक्स ४० आलं. २डी म्हणजे ४५, ४० म्हणजे पाव. तापमान ४५.२५ अंश, पत्र्याखाली ठेवलेल्या बोर्डासाठी उन्हाळ्यात अगदी रोजचं. कर्नेलमध्ये दशांशाचे फ्लोट वापरत नाहीत. म्हणून दोन्ही बाइट जोडून चिन्हासह १६ बिटांचा पूर्णांक करा, ६४ ने भागा, १८१ येईल. २५० ने गुणा: ४५,२५०. लिनक्सला तापमान अंशाच्या हजाराव्या भागात हवं असतं, तेच हे. नेटबीएसडीला केल्विनच्या दहा लाखाव्या भागात हवं, म्हणजे ३१,८४,००,०००. चिपचं गणित एक, दोन सिस्टीमना द्यायची रूपं दोन. म्हणून गणिताचं फंक्शन वेगळं ठेवा, रूपांतराचं वेगळं.

यातली खरी मेख पुढे आहे. पुष्कळ जण पहिला बाइट सी भाषेतल्या ‘चार’ या प्रकारात ठेवतात. इंटेलच्या यंत्रावर हा प्रकार सहसा चिन्हासह असतो, एआरएमवर चिन्हाशिवाय. तापमान उणे पाऊण अंश असेल तर चिप हेक्स एफएफ आणि ४० देते. एका यंत्रावर उत्तर बरोबर येईल, दुसऱ्यावर २५५.२५. लिनक्स कर्नेलने ६.२ या आवृत्तीपासून सगळीकडे ‘चार’ चिन्हाशिवायच धरायचं ठरवलं, त्यामुळे तिथे आता ही चूक सगळ्या यंत्रांवर सारखीच होईल. मुकुटबनात तुम्ही वर्षभर चाचणी घेतलीत तरी ही चूक दिसणार नाही, कारण इथे पारा शून्याखाली जात नाही. तोच बोर्ड लेहला गेला की पहिल्याच थंडीत दिसेल. कोड आपल्या हवामानात चालला म्हणजे बरोबर आहे असं नसतं. उपाय सोपा: रुंदी आणि चिन्ह नावातच असलेले प्रकार वापरा. चिन्हासह आठ बिट हवेत तर इंट८_टी, चिन्हाशिवाय ३२ हवेत तर यूइंट३२_टी. लिनक्समध्ये त्यांची आखूड नावं एस८ आणि यू३२.

बाइटांच्या क्रमाचंही तसंच. दोन बाइट शिफ्ट करून स्वतः जोडले तर कुठल्याही यंत्रावर उत्तर तेच येतं. मेमरीतल्या बाइटांवर मोठ्या प्रकाराचा पॉइंटर लावून उचलले तर क्रम यंत्रावर ठरतो, आणि काही प्रोसेसर तर विषम पत्त्यावरून उचलूच देत नाहीत. रजिस्टरातल्या बिटांसाठी स्ट्रक्चरमधले बिटफील्ड वापरायचा मोह टाळा. ते कोणत्या टोकाकडून भरायचे हे कम्पायलर ठरवतो. मास्क आणि शिफ्ट दिसायला रुक्ष असतात, पण त्यांचा अर्थ सगळीकडे एकच. मेमरीच्या पानाचा आकार म्हणून ४०९६ हा आकडाही हाताने लिहू नका. रास्पबेरी पाय ५चं नेहमीचं कर्नेल १६ केबीची पानं वापरतं.

घड्याळाच्या पुढे जाऊन नेटवर्क कार्ड किंवा डिस्क यांसारखं मेमरीत थेट लिहिणारं उपकरण हाती घेतलंत, तर डीएमए समोर येतो आणि तिथे सगळ्यात अवघड चुका होतात. पीसीवर प्रोसेसरची कॅश आणि उपकरणाने लिहिलेली मेमरी यांचा मेळ हार्डवेअर घालतं. अनेक एआरएम बोर्डांवर तो ड्रायव्हरने घालायचा असतो. न घातल्यास पीसीवर वर्षानुवर्षं धावलेला ड्रायव्हर बोर्डावर अधूनमधून जुनाच डेटा देतो, आणि ‘अधूनमधून’ ही ड्रायव्हर लिहिणाऱ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी. नेटबीएसडीसाठी जेसन थॉर्प यांनी घडवलेली बस_डीएमए ही रचना १९९८ मध्ये युझनिक्स परिषदेत मांडली गेली. तिचं म्हणणं इतकंच की ड्रायव्हरने ‘आता उपकरण वाचणार’, ‘आता उपकरणाचं लिहून झालं’ असं प्रत्येक टप्प्यावर जाहीर करावं. कॅश साफ करायची की काहीच करायचं नाही, ते यंत्राचा कोड ठरवेल. पीसीवर ही हाक जवळपास रिकामी जाते. तरी ती द्यायचीच. लिनक्सचा डीएमए-एपीआय याच विचाराचा आहे.

आता अडचण पैशांची. एवढी वेगवेगळी यंत्रं आणायची कुठून? आणू नका. लिनक्समध्ये आय२सी-स्टब नावाचं मॉड्यूल आहे. त्याला चिपचा पत्ता ६८ द्या, की लॅपटॉपवर एक खोटी चिप तयार. आय२सीसेट या कमांडने तिच्या रजिस्टरात हवे ते आकडे भरा आणि ड्रायव्हर काय वाचतो ते पाहा. ४५.२५ भरा, उणे पाऊण भरा, २९ फेब्रुवारी भरा, थांबलेल्या घड्याळाचा बिट लावा. बीसीडीत बसूच शकत नाही असा हेक्स ७ए मिनिटांच्या जागी टाका आणि ड्रायव्हर तो नाकारतो का ते बघा. खरी चिप हातात असूनही या चाचण्या घेणं कठीण, स्टबवर दहा मिनिटांचं काम.

पुढची पायरी क्यूएमू हा एम्युलेटर. त्यात एआरएमचं आणि रिस्क-व्हीचं ‘व्हर्ट’ यंत्र उभं करता येतं. उलट्या बाइटक्रमासाठी मिप्सचं माल्टा यंत्र घ्या, बिल्डरूटमध्ये त्याची तयार मांडणी आहे. स्टब मॉड्यूल तिथेही चालतं, म्हणजे आय२सीची एकही तार नसलेल्या काल्पनिक यंत्रावर तुमचं घड्याळ तपासून होतं. नेटबीएसडीचं तर बिल्ड.एसएच ही एकच स्क्रिप्ट लिनक्सवर बसूनही दुसऱ्या प्रोसेसरसाठीचा कम्पायलर आणि कर्नेल दोन्ही तयार करून देते. लिनक्समध्ये स्पार्स हे तपासणीचं साधन बाइटक्रमाची गफलत कोड न चालवताच पकडतं, पण त्यासाठी प्रकार नीट जाहीर केलेले हवेत.

गावातलं नेटवर्क लक्षात घेऊन एक व्यवहाराची गोष्ट. लिनक्सचा पूर्ण इतिहासासह सोर्स काही जीबींचा भरतो. नुसती आवृत्तीची दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास. सुरुवातीला तीच घ्या, किंवा गिटला फक्त शेवटची नोंद मागा. पॅच पाठवायची वेळ आली की पूर्ण प्रत शहरातून पेनड्राइव्हवर आणता येते.

ड्रायव्हर चालला की तो आपल्यापाशीच ठेवू नका. लिनक्स कर्नेलच्या आतली फंक्शनं बदलत राहतात. आय२सी ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनला मिळणारे पॅरामीटरच २०२३ मध्ये बदलले. मूळ कर्नेलमध्ये असलेले ड्रायव्हर बदल करणाऱ्यांनी स्वतःच दुरुस्त केले. बाहेर असलेले ज्याचे त्याने. जो मुलगा गावातल्या एका बोर्डासाठी ड्रायव्हर लिहून पुण्याला नोकरीला गेला, त्याचा बोर्ड पुढच्या अपडेटला बंद पडतो आणि दुरुस्त करायला कुणी नसतं. मूळ कर्नेलमध्ये गेलेला कोड मात्र इतर लोक जपतात.

पहिल्याच खेपेला अख्खा नवा ड्रायव्हर स्वीकारला जाईल अशी अपेक्षा नको. असलेल्या ड्रायव्हरला त्याच घराण्यातली नवी चिप शिकवणं, सुटलेली त्रुटी-तपासणी भरणं, डिव्हाइस ट्रीच्या वर्णनातली उणीव दूर करणं, ही दारं जास्त लवकर उघडतात आणि ही कामं हलकी नाहीत. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. चेकपॅच ही स्क्रिप्ट आधी चालवा, आणि कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगेल. एका पॅचमध्ये एकच बदल. खाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ आणि स्वतःचं नाव. उत्तर कोरडं येईल, दहा हरकती असतील, त्या तुमच्यावर नसून कोडवर असतात. प्रत्येक हरकतीला उत्तर द्या आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती पाठवा.

पॅचसोबतच्या मजकुरात चाचणीची माहिती काटेकोर लिहा. खऱ्या चिपवर रास्पबेरी पाय ४ वर चालवलं असेल तर तसं. एआरएमच्या क्यूएमूत आय२सी-स्टबवर चालवलं असेल तर तसं. माल्टावर नुसतं कम्पाइल करून पाहिलं असेल तर ‘फक्त कम्पाइल केलं’ असं. एवढ्या तीन ओळींवरून तपासणाऱ्याला कळतं की आता नजर कुठे रोखायची.